पिवळ्या कोनफ्लॉवरला खतपाणी नको

साताऱ्याच्या आमच्या घरी कोणतेही रोप लावायचे म्हणजे आधी खड्ड्यात शेणखताची पाटी रिकामी करायची, त्यावर माती लोटायची, मग रोप ठेवायचे आणि पुढचा महिनाभर सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचे, हा नियम मी आजोबांच्या हाताखाली शिकले. गुलाब, शेवंती, झेंडू, अंगणातले लिंबाचे झाड, सगळे याच नियमाने वाढले. त्यामुळे इलिनॉय राज्यात, शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरात, आम्ही स्वतःचे घर घेतले आणि मी परसात पिवळ्या कोनफ्लॉवरची सहा रोपे लावली, तेव्हा प्रत्येकाच्या मुळाशी चांगले कुजलेले कंपोस्ट घातले आणि रोज पाणीही दिले. दुसऱ्या वर्षी ती रोपे माझ्या डोक्याच्या वर गेली. पाने मोठी आणि गर्द हिरवी होती, आणि आपले चुकले असे मला कुठेही वाटले नाही. जुलैच्या मध्यावर एका रात्री वादळी पाऊस झाला आणि सकाळी सहाच्या सहा झाडे वाफ्यात आडवी पडलेली दिसली. देठ मुळापासून उपटले नव्हते; स्वतःच्याच वजनाने ते वाकले होते. शेजारच्या वयस्कर बाई कुंपणापाशी येऊन पाहून गेल्या आणि एवढेच म्हणाल्या, "तुम्ही यांना फार खायला घातलंत." त्या बाईंनी आपल्या परसातील हिरवळ काढून तिथे या प्रदेशातील मूळची गवते आणि फुले वाढवली आहेत. या झाडाविषयी मला जे काही समजले त्यातले निम्मे त्यांच्याकडून आणि उरलेले झाडाकडून समजले.

मी ज्याला इथे पिवळे कोनफ्लॉवर म्हणत आहे त्याचे शास्त्रीय नाव रॅटिबिडा पिनाटा. सूर्यफूल, शेवंती आणि झेंडू ज्या कुळातले, त्याच ॲस्टर कुळातले हे बहुवर्षायू झाड. ते साधारण तीन ते पाच फूट उंच होते. पाने पिसासारखी खोल कापलेली आणि हाताला खरखरीत लागणारी असतात. पिनाटा या नावाचा उगम त्या पानांच्या आकारात आहे. फुलाच्या मधोमध अंगठ्याच्या पेराएवढा उभट शंकू असतो, आणि त्याच्या तळापासून दीड-दोन इंच लांबीच्या फिकट पिवळ्या पाकळ्या खाली लोंबतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला फूल कोमेजले आहे असे वाटते, पण पाकळ्यांची ती उतरती ठेवणच या फुलाची ओळख आहे. वारा आला की त्या पाकळ्या परकराच्या घेरासारख्या हलतात. शंकू सुरुवातीला राखाडी-हिरवा असतो. त्यावर शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली असतात आणि ती तळाकडून वर अशी कड्याकड्याने उमलत जातात, त्यामुळे खालून तपकिरी होत चाललेला आणि टोकाला अजून राखाडी असलेला शंकू पाहून फुलोरा कुठवर आला आहे ते कळते. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो तीही खरे तर एकेक वेगळी फुलेच असतात, मात्र त्यांना बी धरत नाही. मधमाश्यांना बोलावणे एवढेच त्यांचे काम.

नर्सरीत पिवळे कोनफ्लॉवर मागितले तर तीन वेगवेगळ्या वनस्पती हाती येऊ शकतात, आणि हा घोटाळा आधीच मिटवलेला बरा. दुसरी वनस्पती एकिनेशिया पॅराडॉक्सा. औषधी म्हणून प्रसिद्ध असलेल्या जांभळ्या एकिनेशियाची ही बहीण. मिसुरी आणि आर्कान्सा राज्यांतील ओझार्क डोंगराळ भागात, चुनखडीच्या उघड्या, कोरड्या खडकाळ जागी ती वाढते. जांभळ्या-गुलाबी फुलांच्या प्रजातीत ही एकटीच ठळक पिवळी निघाली म्हणून तिच्या नावात 'पॅराडॉक्सा' हा विरोधाभास आला. तिला खोल सोटमूळ असते, त्यामुळे एकदा लावल्यावर ती हलवू नये, आणि पाणी साचणाऱ्या जमिनीत तर लावूच नये. बाजारात आज पिवळ्या-केशरी रंगांचे जे संकरित कोनफ्लॉवर मिळतात, त्यांच्यात हा पिवळा रंग बहुतांशी तिच्याकडून आला आहे. इथल्याच शिकागो बोटॅनिक गार्डनमध्ये जिम ऑल्ट यांनी जांभळ्या आणि पिवळ्या जातींचा संकर करून 'ऑरेंज मेडोब्राइट' हा केशरी वाण तयार केला. तो सुंदर आहे, परंतु माझ्या परसात मला तो नको, याचे कारण पुढे येईलच. तिसरी वनस्पती रुडबेकिया लॅसिनिएटा. ती ओढ्याकाठच्या ओलसर जागी आठ-आठ फूट वाढते आणि जमिनीखालच्या खोडांनी भराभर पसरते. छोट्या बागेत ती लावण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. आमच्या भागातील जड चिकणमाती, भरपूर ऊन आणि अधूनमधून पडणारे कोरडे आठवडे या तिन्ही गोष्टी निमूटपणे सोसणारी वनस्पती म्हणजे पहिली, रॅटिबिडा, आणि या लेखात यापुढे बोलायचे आहे ते तिच्याविषयीच.

ती मी पहिल्यांदा पाहिली ती बागेत नव्हे, तर बटेव्हिया येथील फर्मिलॅबच्या आवारात. कणभौतिकीच्या या प्रयोगशाळेत १९७५ साली, रॉबर्ट बेट्झ या जीवशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने, अणूहून सूक्ष्म कणांना वेग देणाऱ्या त्वरक यंत्राच्या प्रचंड वर्तुळाच्या आतल्या जमिनीवर मूळच्या गवताळ माळाची पुन्हा लागवड सुरू झाली. हा माळ म्हणजे इंग्रजीत ज्याला प्रेअरी म्हणतात तो. इलिनॉयला आजही 'प्रेअरी स्टेट' म्हणतात, पण ती प्रेअरी आता जवळजवळ फक्त नावापुरतीच उरली आहे. एके काळी या राज्यात सुमारे २ कोटी २० लाख एकर माळ होता. १८३७ साली ग्रँड डेटूर या गावात जॉन डीअर या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर बनवला. लाकडी-लोखंडी नांगराला चिकटून बसणारी इथली काळी माती या फाळावरून सहज घसरू लागली, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत जवळजवळ सगळा माळ मका आणि गव्हाखाली गेला. आज त्याचा एक हजारांश भागही मूळ स्थितीत शिल्लक नाही. जे तुकडे वाचले ते रेल्वेच्या रुळांलगत आणि जुन्या दफनभूमींच्या कोपऱ्यांत, म्हणजे जिथे नांगर घालायला कोणाला परवानगी नव्हती किंवा सवड नव्हती अशा जागी. पिवळे कोनफ्लॉवर अशा तुकड्यांत तग धरून राहिले. ऑगस्टमधल्या एका दुपारी फर्मिलॅबच्या पायवाटेने चालताना, माझ्या खांद्याला लागणाऱ्या गवतात ही लोंबत्या पाकळ्यांची फुले डुलत होती आणि मला एकदम कासच्या पठारावरची सोनकी आठवली. दोघींचे कूळ एक, रंग एक, आणि दोघींच्या जमिनीला माणसाने 'पडीक' हेच एक नाव दिलेले.

देशी वनस्पतीचा माझा आग्रह अनेकांना हट्टाचा वाटतो. पण गाजरगवत पाहत वाढलेल्या मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागू नये. तेही याच ॲस्टर कुळातले आणि याच अमेरिका खंडांतले. पुण्यात १९५० च्या दशकात त्याची नोंद झाली आणि त्यानंतर त्याने रस्त्याच्या कडा, गायराने, शेतांचे बांध काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे, अनेकांनी ते अंगावरच्या खाजेतून आणि दम्यातूनही अनुभवले आहे. आपल्या गावी ते असे का माजले? त्याला तिथे खाणारे कोणी नव्हते म्हणून. तिसऱ्या क्रमांकावर मी जिचा उल्लेख केला ती रुडबेकिया इथल्या ओढ्याकाठी अनेक किड्यांची पोशिंदी आहे, आणि तीच जपानमध्ये जाऊन इतकी माजली की तिथे कायद्याने तिला घातक परकीय जात ठरवावे लागले. वनस्पती चांगली किंवा वाईट नसते. ती आपल्या जागी असते किंवा नसते. पुण्याच्या एका मैत्रिणीने माझ्या फुलांचे छायाचित्र पाहून बी मागितले होते, आणि मी ते दिले नाही. तिला त्याचा राग आला हे मला ठाऊक आहे. आधीच पिवळा कॉसमॉस आपल्या टेकड्यांवर पसरत असताना मी आणखी एक पिवळे फूल तिकडे पाठवणे बरोबर नाही, असे मला मनापासून वाटते.

आता प्रत्यक्ष लागवडीविषयी. बी अतिशय बारीक असते, एका ग्रॅममध्ये साधारण हजार तरी भरतात. ते विकत घ्यायचे तर आपल्याच भागातील झाडांपासून बी धरणाऱ्या नर्सरीकडून घ्यावे. राखीव माळांवरून आणि वनक्षेत्रांतून बी तोडणे इथे निषिद्ध आहे, आणि ते तसे असणे योग्यच आहे. या बियांना थंडीची आणि ओलाव्याची किमान महिनाभर गरज असते. ती मिळाल्याखेरीज बी नीट रुजत नाही. इथला हिवाळा संपला याची खात्री झाल्याशिवाय उमलू नये, अशी ही व्यवस्था आहे. ऑक्टोबरमध्ये एखादा उबदार आठवडा आला आणि तेवढ्यावर फसून बी उगवले, तर ते रोप डिसेंबर पाहणार नाही. बियांची ही थंडीची गरज दोन प्रकारे भागवता येते. एक म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोकळ्या जमिनीवर बी वाळूत मिसळून फेकावे, पायाने हलके दाबावे आणि बाकीचे बर्फावर सोपवावे. त्यावर मातीचा थर घालू नये, कारण एवढ्याशा बियाला उजेड हवा असतो. दुसरे म्हणजे ओल्या वाळूत बी मिसळून पिशवीत भरून फ्रिजमध्ये महिनाभर ठेवावे. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा आई इथे आलेली होती. कोथिंबिरीच्या डब्याशेजारी वाळूची पिशवी पाहून तिने विचारले, "अगं, हे काय?" मी सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आपण मटकीला ऊब देतो मोड यायला, आणि याला गारठा लागतो होय!" माझ्या दृष्टीने या बियाचे याहून नेमके वर्णन नाही.

रोप उगवल्यानंतरचे पहिले वर्ष कठीण असते, कारण त्या वर्षी करण्यासारखे आणि पाहण्यासारखे काहीच नसते. जमिनीलगत चार-सहा पानांचा झुपका दिसतो आणि तो ऑक्टोबरपर्यंत तेवढाच राहतो. झाड त्या काळात मुळे धरत असते. प्रेअरीची झाडे लावणारे लोक इथे म्हणतात की पहिल्या वर्षी रोप झोपते, दुसऱ्या वर्षी रांगते आणि तिसऱ्या वर्षी झेप घेते. माझ्या वाफ्यात हे अक्षरशः असेच घडले. या पहिल्या वर्षात मुख्य भीती सशांची. इथल्या परसापरसांत ससे आहेत आणि कोवळा झुपका ते एका रात्रीत जमिनीसरसा करतात. मी प्रत्येक रोपाभोवती फूटभर उंचीची बारीक तारेची जाळी दोन वर्षे ठेवली. पाणी पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, माती खोलवर भिजेल असे द्यावे. त्यानंतर अगदीच दुष्काळ पडला नाही तर देऊ नये. तण मात्र हाताने, आणि नीट ओळखून काढावे. मी पहिल्या वर्षी दोन कोनफ्लॉवरच तण समजून उपटून टाकले होते.

जमिनीविषयी जरा सविस्तर सांगते, कारण माझी खरी चूक तिथे झाली होती. माळावर हे फूल कधीच एकटे उभे नसते. त्याच्या चारही बाजूंना गवत असते, बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, आणि ते गवत दोन कामे करते. ते जमिनीतले नत्र आणि ओल आपल्याकडे ओढून घेते, त्यामुळे फुलझाड आटोपशीर राहते, देठ काटक होतात; आणि वारा आला की तेच गवत त्या देठांना आधार देते. मी गवत काढून टाकले होते, वर कंपोस्ट घातले होते, म्हणजे भूकही काढून घेतली आणि आधारही. आमची घरे बांधताना बांधकामवाल्यांनी वरची काळी माती उचलून नेलेली होती आणि खाली उरली ती पिवळट चिकणमाती. ती मला शाप वाटत असे. आता त्याच मातीत, काहीही न मिसळता, मी लिटल ब्लूस्टेमची रोपे दीड-दीड फुटावर आणि त्यांच्या मधल्या जागांत कोनफ्लॉवर अशी नवी लागवड केली आहे. ती झाडे चार फुटांवर थांबली. गेल्या तीन उन्हाळ्यांत एकही झाड पडले नाही. आजोबांचा नियम खोटा होता असे मी म्हणणार नाही. तो झेंडूसाठी आणि गुलाबासाठी होता, आणि तिथे तो आजही खरा आहे. पण हात आखडता घेणे हीसुद्धा निगा असू शकते, हे शिकायला मला तीन वर्षे लागली.

फुले आली की वाफ्यात जे सुरू होते ते पाहायला मी सकाळचा चहा बाहेर घेऊन बसते. शंकूवर उमललेल्या कड्याभोवती लहान-मोठ्या मधमाश्या गोल गोल फिरत असतात, कारण मध आणि पराग त्या दिवशी तेवढ्याच कड्यात असतात. त्यांत मधाच्या पोळ्यातल्या माश्या थोड्या. बहुतेक एकेकट्या राहणाऱ्या, इथल्याच, काही तर मुंगीहून थोड्याच मोठ्या. दोन वर्षांपूर्वी एका पाकळीचा तुकडा हलताना दिसला. नीट पाहिले तेव्हा तो एका सुरवंटाच्या पाठीवर होता. ॲस्टर कुळातील फुले खाणारा हा सुरवंट पाकळ्यांचे कपटे तोडून स्वतःच्या अंगावर चिकटवतो, म्हणजे पक्ष्याला तो फुलाचाच भाग वाटतो. मोठा झाल्यावर त्याचा फिकट हिरवा पतंग होतो. त्याने माझ्या चार फुलांची नासाडी केली आणि मी ती आनंदाने होऊ दिली. देठांवर मावा आला तरी मी फवारणी करत नाही. आठवडाभरात मावा खाणारे ढालकिडे येतात. संकरित वाण मला नको आहेत ते याचसाठी. त्यांतील दाट पाकळ्यांच्या अनेक वाणांत शंकूच्या जागी पाकळ्यांचाच गेंद असतो, आणि तिथे मधमाशीला बसायला जागा नसते, चाटायला काही नसते.

एक रोग मात्र गांभीर्याने घ्यावा. तुडतुड्यांमार्फत पसरणारा ॲस्टर यलोज हा फायटोप्लाझ्माचा, म्हणजे जिवाणूसारख्या एका सूक्ष्मजीवाचा, रोग कोनफ्लॉवरांना होतो, विशेषतः एकिनेशियाला. शंकूतून हिरवी पानासारखी शेंडी फुटू लागली आणि फूल वेडेवाकडे झाले तर ते झाड मुळासकट काढून टाकावे. त्याला उपचार नाही, आणि दया करून ठेवले तर शेजारची झाडे जातात.

आमच्या वसाहतीच्या घरमालक संघाकडून एकदा पत्र आले होते की परसातील 'उंच तण' कापावे. त्या पत्राने मला वाईट वाटले, कारण ज्याला ते तण म्हणत होते ते या जमिनीवर त्यांच्या आणि माझ्या आधी हजारो वर्षे होते, आणि ज्या हिरवळीची ते पाठराखण करत होते ते केंटकी ब्लूग्रास नाव केंटकीचे लावत असले तरी मूळचे युरोप-आशियातले आहे. शेजारच्या बाईंनी मला दोन गोष्टी सुचवल्या: वाफ्याच्या कडेने दोन फुटांची हिरवळ कापून नीटनेटकी ठेवावी, आणि झाडांच्या नावांची छोटी पाटी लावावी. आपण हे जाणूनबुजून वाढवले आहे एवढे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळले की निम्म्या तक्रारी संपतात. पुढे २०२४ साली इलिनॉयने कायदाच केला, त्यामुळे अशा संघांना देशी वनस्पतींच्या नीट राखलेल्या बागेवर सरसकट बंदी घालता येत नाही. ती पाटी आजही तिथे आहे आणि संध्याकाळी फिरायला येणारी मुले थांबून ती वाचतात.

सप्टेंबरात पाकळ्या गळतात आणि गडद तपकिरी शंकू उभे राहतात. ते कापू नयेत. अमेरिकन गोल्डफिंच हा चिमणीएवढा, नर ऐन पिवळाधमक असलेला पक्षी जवळजवळ केवळ बियांवर जगतो, पिलांनाही बियाच भरवतो, आणि म्हणून त्याची घरटी इतर पक्ष्यांपेक्षा उशिरा, बी धरण्याच्या सुमारास होतात. शंकूवर तो येऊन बसला की बारीक देठ कमानीसारखा वाकतो आणि तो झुलत झुलत बी टिपतो. एकदा आईने एक वाळलेला शंकू तळहातावर चुरडला, नाकाशी नेला आणि तो माझ्यापुढे धरला. त्याला बडीशेपेसारखा स्पष्ट वास येत होता. इतकी वर्षे ती झाडे माझ्याजवळ होती आणि मी कधी चुरडून पाहिले नव्हते. तेव्हापासून बी झोडपण्याचे काम मी हातानेच करते, चाळणी नंतर.

उरलेले देठ बर्फातही तसेच ठेवते. एप्रिल संपता संपता, रात्रीचा गारठा ओसरला की ते जमिनीपासून सव्वा-दीड फुटांवर कापते, पूर्ण नाही, कारण त्या कापलेल्या देठांत लहान मधमाश्या भोक पाडून अंडी घालतात. नवा पाला मेअखेरीस ते खुंट झाकून टाकतो. यंदा बी पुष्कळ निघाले आहे. थोडे शेजारच्या बाईंना दिले, कारण त्यांच्या वाफ्यातले जुने झाड या वर्षी गेले. बाकीचे वाळूत कालवून ठेवले आहे आणि पहिल्या बर्फाची वाट पाहत आहे.